पहिला सोमवार

अडतीस वर्षं मी बिनवासाचा माणूस होतो.
साबणसुद्धा पांढरा, मुका.
लसूण फक्त शनिवारी रात्री,
आणि चर्चमध्येही
धूपदानापासून चार बाकं लांब.
नाकाचं आणि जिभेचं खात होतो मी
त्रिएस्तेच्या जुन्या बंदरात, कॉफीच्या गोदामात:
चमचाभर सुर्रकन ओढायची, तोंडभर फिरवायची, थुंकायची.
सांतोसची पोती, हरारची पोती,
शंभरांत एक दाणा नासका असला
तर तो मला दाराशीच भेटायचा.

ही बाटली त्याच्याही आधीची.
एकाहत्तर साली नोकरी लागली त्याच दुपारी
उधारीवर घेतली, एर्मानो न्हाव्याकडून.
चौकोनी, जाड काचेची, आत हिरवट कलोन,
काळं झाकण बुद्धिबळातल्या हत्तीसारखं.
दुसऱ्या दिवशी दाढी करून
सढळ हातानं चोपडली गालांवर, मानेवर,
आणि गेलो नव्या सदऱ्यात, नवरदेव जसा.
फुर्लानसाहेबानं मान वर न करताच म्हटलं,
"कोण आलंय ते कळलं. घरी जा. धुऊन ये."
टेबलावर चाळीस वाट्या मांडलेल्या,
चाळीसच्या चाळीस ओतून द्याव्या लागल्या.

तेव्हापासून ती कपाटात, स्वेटरांच्या मागं.
नीवेसनं दोनदा घर बदललं,
बाटली फेकली नाही.
मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

शुक्रवारी निवृत्त झालो. आज सोमवार.
झाकण करकरलं.
पहिला भपकारा वाईटच, खोटं कशाला बोलू:
लिंबू केव्हाच मेलं होतं,
नेलपॉलिशसारखं काहीतरी मस्तकात गेलं.
नाक म्हणालं, नमुना नापास.
मी म्हटलं, थांब.
वाटी जरा निवू दे.

जिना उतरेपर्यंत लव्हेंडर आलं,
फुलांचं नव्हे, देठांचं, कडवट.
त्याच्या मागून सेज,
कार्स्टच्या पठारावर बकऱ्यांच्या खुरांखाली
चुरगळतं ना, तसं.
कोपऱ्यावर बोरा वाऱ्यानं गाठलं,
अंगावरचं अर्धं ओरबाडून समुद्राकडे नेलं.
नेऊ दे. अर्धं पुष्कळ होतं.

गोदामाची किल्ली द्यायची राहिली होती.
दारात इलेनिया,
हातात चमचा, माझाच, परवा दिलेला.
तिनं तळहात उभा धरला.
"उंबऱ्याच्या बाहेर, सिल्वानो. आत वाट्या मांडल्यात."
मग राहवलं नाही तिला.
डोळे मिटले, मान तिरकी केली:
"वाळत घातलेलं गवत. ओकच्या सालीवरचं दगडफूल.
आणि वरून काहीतरी गेलंय, लिंबू असावं.
चाळीस वर्षांचं?"
"अडतीस."
"चांगलं राखलंय," ती म्हणाली. "पण आत नको."
मी शिकवलेली पोर.
किल्ली उंबऱ्यावर ठेवली
आणि वळलो, कॉलर ताठ,
तिच्यात तोच वास.

तीनच्या सुमारास मला काहीच येईना.
मनगट हुंगलं, बाही हुंगली, कोरडी ठणठणीत.
आपल्या घराचा वास आपल्याला येत नाही म्हणतात,
इतक्या लवकर घर झालं होतं त्याचं.
बसमध्ये मात्र पुढच्या बाकावरची बाई
वळून पाहत राहिली, पार सान जाकोमोपर्यंत,
ओळखीचं कुणी चढलंय अशी,
आणि माझा चेहरा पाहून
पुन्हा खिडकीकडे.

रात्री नीवेसनं कोट हातात घेतला
खुंटीला लावायला,
आणि लावलाच नाही.
अस्तराशी नाक नेलं. बराच वेळ.
"हा कोण आलाय?"
"एकाहत्तरचा आहे," मी म्हटलं. "त्याला उशीर झाला."
ती चुलीकडे वळली, पाठमोरीच बोलली,
"बस म्हणावं. जेवायला थांबेल ना?
लसूण चालतो का याला?"

आज सोमवार.
घाल म्हटलं. ठेचून घाल.